सोंगाड्याची जीभ



धाराशिवच्या या व्याख्यानमालेत दुष्काळावर, पाण्यावर, शिक्षणावर अनेकांनी तळमळीनं बोलून ठेवलं आहे. मला आज हसण्यावर बोलायचं आहे. कुणी कुणाला हसायचं, कुणाच्या तोंडचे शब्द कुणी लिहायचे, आणि ज्याला हसलं जातं त्याच्या हातात उत्तर द्यायला काय उरतं, हा माझा विषय. त्यासाठी तुम्हाला मी १९५१ सालच्या अमेरिकेतल्या टीव्हीसमोर नेऊन बसवणार आहे. पण निघायचं आहे आपल्या परंड्याहून.

परंड्याचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं आणि निजामशाही बुडाली असं सगळ्यांना वाटलं. ती बुडाली नाही, कारण मलिक अंबरनं मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि राज्याचं ठाणं काही काळ परंड्यात आणलं. अंबर मूळचा आजच्या इथिओपियातला. लहान वयात गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या वाटेनं हातोहात विकला जात दख्खनला पोचला, इथं मोकळा झाला आणि स्वतःची फौज उभी करून राज्याचा कर्ता पुरुष बनला. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची घडी त्यानं बसवली. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानंच वसवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. दोन वर्षांनी तो वृद्धापकाळानं वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

आता एक चित्र सांगतो. जहांगीर बादशहाच्या दरबारातला चित्रकार अबुल हसन यानं १६१६ च्या सुमारास ते काढलं. सध्या ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य आहे, आणि समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं तुटलेलं शिर आहे. शिरावर घुबड. बाण त्या काळ्या चेहऱ्यावर रोखलेला. प्रत्यक्षात अंबरचं शिर कुणीही कापलं नाही. चित्र काढलं तेव्हा तो दख्खनमध्ये जिवंत होता आणि त्यानंतर दहा वर्षं मोगलांना जेरीस आणत राहिला. रणात जो हाती लागला नाही, तो कागदावर मारला गेला. आपल्या आठवणींतही जहांगीर अंबरचा उल्लेख करतो तो त्याच्या रंगावरून आणि नशिबावरून शिव्या देत.

चारशे वर्षं झाली. ज्या जिल्ह्यात एका हबशी सरदारानं राज्य सावरून धरलं, त्या जिल्ह्यात आजही वर्गातल्या सावळ्या पोराला ‘हबशी’ म्हणून चिडवतात. पोरांना अंबर माहीत नाही, शिवी माहीत आहे. चित्र कुणाच्या हातून निघतं यावर माणसाची पुढची ओळख किती अवलंबून असते, याचा याहून जवळचा दाखला मला सापडत नाही.

आता अमेरिका. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटानं तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासली, फाटके कपडे घातले आणि ‘जिम क्रो’ नावाच्या गुलामाचं सोंग रंगमंचावर आणलं. वेडंवाकडं बोलणारा, लंगडत नाचणारा, कामचुकार आणि सदा हसतमुख. या सोंगानं पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेतला सगळ्यांत लोकप्रिय खेळ उभा केला. गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्यांना वेगळं बसवणारे, वेगळं शिकवणारे, मतदानापासून दूर ठेवणारे कायदे केले. त्या कायद्यांना लोक काय म्हणायचे? जिम क्रो. सोंगाचं नाव कायद्याला मिळालं. विनोद हलका असतो, तो कुठं एवढा मनावर घ्यायचा, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला ही गोष्ट सांगावीशी वाटते.

हे खेळ आपल्याकडेही आले होते. डेव्ह कार्सन नावाचा अमेरिकी नट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-कलकत्त्यात खेळ करत होता आणि काजळीच्या तोंडाचं तेच तंत्र त्यानं बंगाली बाबूंची टर उडवायला वापरलं. कलकत्त्याच्या अर्धेंदुशेखर मुस्तफी या नटानं त्याला रंगमंचावरूनच उत्तर दिलं. त्यानं स्वतः साहेबाचं सोंग घेतलं आणि लोकांना साहेबावर हसायला लावलं. हे १८७३ च्या आसपासचं. याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. अमेरिकेकडून मुंबईला आलेलं आणि पुण्याहून अमेरिकेकडे गेलेलं, असं दोन्ही एकाच काळात घडत होतं.

मग रेडिओ आला. १९२८ साली शिकागोत फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल या दोन गोऱ्या माणसांनी ‘एमॉस अँड अँडी’ हा कार्यक्रम सुरू केला. दोघे काळ्यांची म्हणून एक बोली बोलत आणि बहुतेक सगळी पात्रं स्वतःच वठवत. तो इतका गाजला की त्याच्या वेळेला अख्खा देश रेडिओला कान लावून बसे. १९३१ साली ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानं हा कार्यक्रम बंद व्हावा म्हणून दहा लाख सह्या जमवायची मोहीम काढली. लाखोंनी सह्या झाल्याही. कार्यक्रम चालूच राहिला.

टीव्ही आला तेव्हा अडचण झाली. रेडिओवर गोऱ्यानं काळ्याचा आवाज काढला तर चालत होतं. पडद्यावर तोंड दिसणार. तेव्हा काळे नट घेतले गेले. २८ जून १९५१ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘एमॉस अँड अँडी’ दिसू लागलं. सगळे प्रमुख नट कृष्णवर्णीय असलेली अमेरिकेतली ही पहिली दूरचित्रवाणी विनोदी मालिका. पण लिहिणारे, मालक आणि काय म्हणायचं ते ठरवणारे तेच राहिले. चेहरे काळे आले, शब्द गोऱ्यांचे राहिले. माझ्या आजच्या बोलण्याचा कणा हाच आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

त्या मालिकेतला वकील लबाड, नोकर मठ्ठ, बायको कजाग, आणि किंगफिश नावाचा मुख्य गृहस्थ सदा कुणाला तरी टोपी घालायच्या बेतात. असली पात्रं गोऱ्यांच्या मालिकांतही होती. फरक एवढाच की गोरा वकील एका मालिकेत लबाड असला, तर दुसरीत सज्जन असे, तिसरीत शूर असे. काळा वकील अख्ख्या टीव्हीवर एकच होता आणि तो लबाड होता. ज्या गोऱ्या कुटुंबानं आयुष्यात काळ्या माणसाशी दोन शब्द बोललेले नव्हते, त्याला काळा माणूस भेटत होता तो या पडद्यावर. १९०९ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनं नेमका हा मुद्दा धरला. मालिका सुरू झाली त्याच उन्हाळ्यात संघटनेनं अधिवेशनात निषेधाचा ठराव केला, कोर्टाची पायरीही चढली. मालिका १९५३ साली थांबली, जुने भाग मात्र ठिकठिकाणी दाखवले जात राहिले, आणि ते १९६६ साली काढून घेतले गेले.

इथवर गोष्ट सरळ आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती यामागची गुंतागुंत. ते नट सुमार नव्हते. किंगफिशचं काम करणारा टिम मूर म्हातारपणापर्यंत रंगमंचावर तावून सुलाखून निघालेला विनोदी नट होता. अँडीचं काम करणारा स्पेन्सर विल्यम्स हा स्वतः दिग्दर्शक होता. १९४१ साली त्यानं ‘द ब्लड ऑफ जीझस’ हा चित्रपट केला, जो काळ्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. या विल्यम्सला काळ्यांनी कसं बोलावं हे गॉस्डेन शिकवायला गेले. विल्यम्सनं ऐकून घेतलं नाही. दोघांत खटका उडाला. काळ्या वस्तीत वाढलेल्या माणसाला गोरा माणूस काळ्यांची बोली शिकवतो, कारण जवळपास पंचवीस वर्षं तीच खोटी बोली खरी म्हणून विकली गेलेली असते. निक स्ट्यूअर्टचं तर मला फार मोल वाटतं. लाइटनिन नावाच्या मठ्ठ झाडूवाल्याचं काम तो करायचा. त्या कामाचे पैसे त्यानं आणि त्याच्या पत्नीनं लॉस एंजेलिसमधल्या ‘एबनी शोकेस थिएटर’मध्ये घातले, तिथं काळ्या नटांना वकील, डॉक्टर, प्रेमिक, राजे अशी कामं करायला मिळत. दिवसा मूर्खाचं सोंग करायचं आणि त्या पैशावर संध्याकाळी शहाण्यांचा रंगमंच चालवायचा.

मालिका गेली, पण तिच्या जागी काळ्यांची चांगली मालिका आली नाही. टीव्हीवरून काळे नट जवळजवळ नाहीसे झाले. ‘ब्युला’ ही गोऱ्यांच्या घरातल्या काळ्या मोलकरणीची मालिका १९५० ते १९५३ चालली. रेडिओवर तिची सुरुवात ब्युलाचा आवाज काढणाऱ्या एका गोऱ्या पुरुषापासून झाली होती. नॅट किंग कोल या थोर गायकाचा कार्यक्रम १९५६ साली एनबीसीवर आला, लोकांनी पाहिला, पण देशभरासाठी एकही मोठा जाहिरातदार पुढं आला नाही आणि वर्षभरात तो संपला. काळी व्यक्ती केंद्रस्थानी आणि ती शिकलेली, नोकरदार, अशी मालिका यायला १९६८ साल उजाडावं लागलं. ती ‘ज्युलिया’, त्यात डायहान कॅरलनं परिचारिकेचं काम केलं. म्हणून मी निषेध करणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहतो आणि त्या नटांच्याही. राग धरायचा तो लिहिणाऱ्यावर आणि पैसे देणाऱ्यावर. पोटासाठी जो सोंग घेतो, त्याच्यावर नाही.

मराठवाड्याला हे सगळं परकं वाटू नये. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात डॉ. म. ना. वानखडे यांनी विद्यार्थ्यांपुढे ते साहित्य ठेवलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि त्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखातलं साम्य सांगितलं होतं. आपल्या माणसांनी हा पूल फार पूर्वी बांधला आहे. मी त्यावरून फक्त चालतो आहे.

तर आता आपला टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. धाराशिवला ते दिसायला पुष्कळ वर्षं जायची होती. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण उमरग्याच्या पलीकडचा गुलबर्गा जिल्हा होता. आपल्या शिवेपर्यंत येऊन चित्र थांबलं. पुढं ऐंशीच्या दशकात छोटी प्रक्षेपण केंद्रं झाली आणि मग गावात एखाद्याच्या ओसरीवर टीव्ही आणि अंगणात अर्धं गाव, असं दृश्य सुरू झालं.

त्या पडद्यावर मराठी विनोद म्हणून आपण काय पाहिलं? सत्तरच्या दशकात ‘चिमणराव’ झालं. चिं. वि. जोशींची पात्रं, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. मला ती मालिका मनापासून आवडते. जोशी आपल्याच घराला हसतात आणि त्या घरातला प्रत्येक माणूस वेगळा असतो. चिमणराव भित्रा आहे म्हणून पुण्याचा सगळा मध्यमवर्ग भित्रा ठरत नाही, कारण शेजारी दंडुका घेऊन गुंड्याभाऊ उभा असतो, आणि बातम्या सांगणारे, मुलाखत घेणारे, नाटकातले नायक-नायिका हे सगळे त्याच वर्गातले पडद्यावर ये-जा करत असतात. त्याच काळात खेड्यातला माणूस पडद्यावर यायचा तो शेतीच्या कार्यक्रमात खताची मात्रा विचारायला, नाहीतर विनोदी नाटुकल्यात गडी म्हणून, हवालदार म्हणून, शहरात येऊन गोंधळलेला पाहुणा म्हणून. त्याचं एकच चित्र होतं.

आणि त्याची बोली! नाटक-सिनेमात ‘ग्रामीण’ म्हणून जी बोलली जाते ती महाराष्ट्राच्या कुठल्याच तालुक्यात बोलली जात नाही. थोडी कोल्हापुरी, थोडी नगरी, बाकी लेखकाच्या कल्पनेतली. आपला माणूस ‘काय करलालास’ म्हणतो, उमरग्याकडे त्यात कानडीची लय मिसळते, नळदुर्गच्या बाजारात दखनीची. हिंदी सिनेमात ती दखनी हसण्यापुरती आली: ‘गुमनाम’मध्ये १९६५ साली मेहमूदनं तो सावळा, हैदराबादी बोलीचा नोकर केला आणि देशभर गाजवला. मेहमूद मोठाच नट. पण दखनी बोलणारा न्यायाधीश किंवा शिक्षक पडद्यावर कुणी पाहिला? मी कॉलेजात असताना शहरातल्या एका नाट्यस्पर्धेसाठी माझी निवड झाली, अर्थात गड्याच्या कामासाठी. तालमीत मला सांगण्यात आलं की तुझं बोलणं ठीक आहे, पण जरा अजून गावठी कर. माझ्या आजीचं बोलणं त्यांना पुरेसं गावठी वाटत नव्हतं. स्पेन्सर विल्यम्सची हकिगत मी पुढं वाचली तेव्हा मला तो तालमीचा हॉल आठवला.

याच्या उलट एक परंपरा आपल्याकडे होती, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तमाशातला सोंगाड्या. तमाशाचे फड चालवले ते मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. दिवसा ज्यांना चावडीची पायरी चढता येत नव्हती, ते रात्री यात्रेत वगाच्या मिषानं राजा, प्रधान, पाटील, सावकार यांना उभं करत आणि सोंगाड्या त्यांची सालं काढे. पाटील पुढच्या रांगेत बसून हसत असे, कारण सोंगाला दंड नसतो. तिथं सोंगाड्या मूर्ख दिसायचा, पण शेवटचा शब्द त्याचा. बतावणी लिहिलेली नसायची. समोरचं गाव बघून जिभेवर येईल ती. दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’, काळू-बाळूंची हजरजबाबी जोडी, विठाबाई नारायणगावकरांचा फड, ही त्या जिभेची घराणी.

तमाशाला मी सोवळं ठरवत नाही. गौळणीतल्या पेंद्याच्या लंगडेपणावर आणि मावशीच्या सोंगावर जे हशे निघत, त्यातले बरेच क्रूर होते. आणि त्यात नाचणाऱ्या बाईचं आयुष्य काय होतं, ते डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये लिहून ठेवलं आहे. म्हणूनच आंबेडकरी जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यातली गौळण टाकून दिली. भीमराव कर्डकांच्या जलशात सोंगाड्या शाळेबद्दल, पाणवठ्याबद्दल, वतनाबद्दल प्रश्न विचारू लागला. आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद झाली, बाबासाहेब स्वतः आले. गावकीची जी कामं वतन म्हणून माथी मारलेली होती, त्यांच्याविरुद्ध ती परिषद होती. विनोदी नाटकांतला येसकर, रामोशी, हरकाम्या गडी कुठून आला ते यातून कळतं. जे काम एका समाजावर लादलं गेलं होतं, तेच त्याचं विनोदी पात्र झालं. बार्शीचे अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी लालबावट्याच्या पथकात हीच जीभ कामगारांच्या सभेत नेली.

सिनेमा-टीव्हीनं सोंगाड्या उचलला तेव्हा काय घडलं? त्याचं धोतर घेतलं, फेटा घेतला, बावळट चेहरा घेतला. जीभ घेतली नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडक्यांनी ती काही काळ राखली, त्यातला हवालदार रोजच्या राजकारणावर बोलायचा आणि प्रयोगागणिक बदलायचा. पण स्टुडिओत संहिता लिहून येते. तिथं समोर गाव नसतं, पुढच्या रांगेत पाटील नसतो. तिथं सोंगाड्याला राजावर हसता येत नाही; प्रेक्षक सोंगाड्यावर हसतात. दिशाच उलटली. अमेरिकेत जे काळ्या नटांचं झालं, ते आपल्याकडे असं झालं.

या हसण्याला समोरून पाहणारा एक मराठी चित्रपट आहे आणि तो आपल्या शेजारचा आहे. नागराज मंजुळे करमाळ्याचे. परंड्याची शीव ओलांडली की करमाळा. ‘फँड्री’ २०१४ साली चित्रपटगृहांत आला. कैकाडी कुटुंबातला सावळा जब्या, गोऱ्या शालूवर जीव लावणारा, तोंडाला पावडर फासणारा, काळ्या चिमणीमागे धावणारा. शेवटी गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या घरावर येतं. आई, बाप, बहिणी, सगळे डुकरामागे पळतात, आणि गाव कडेला बसून बघतं. लोक हसतात, फोनवर फोटो काढतात, शेरे मारतात. मंजुळ्यांनी ते दृश्य लांबवलं आहे, आणि सुरुवातीला थिएटरातही हसू फुटतं. हळूहळू कळतं की गाव ज्या जागी बसलं आहे, त्याच जागी आपण बसलो आहोत. एका कुटुंबाचं कष्टाचं काम दुसऱ्यांचा करमणुकीचा खेळ कसा होतो, हे मी इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. जब्याचा शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो. आणि जब्याचं काम कुणी केलं? त्याच मातीतल्या सोमनाथ अवघडेनं. त्याच्या तोंडाला रंग फासावा लागला नाही.

हे मुद्दाम म्हणतो, कारण त्यानंतर पाच वर्षांनी, २०१९ साली, एका मोठ्या मराठी वाहिनीवर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका आली. सावळ्या मुलीला घरीदारी सोसावा लागणारा भेदभाव हा तिचा विषय. हेतू चांगला होता, लाखो घरांत त्यावर बोलणं झालं, याचं मोल मी मानतो. पण ते काम करणाऱ्या अभिनेत्रीला मेकअपनं सावळं केलं गेलं. धाराशिवच्या, लातूरच्या, सोलापूरच्या कॉलेजांत जाऊन बघा, स्नेहसंमेलनात जीव ओतून काम करणाऱ्या किती सावळ्या मुली आहेत. सावळेपणाची कैफियत मांडायची आणि सावळ्या मुलीला दारात उभं करायचं नाही, हे मला पटत नाही. आणि विनोदी कार्यक्रमांत तर काळ्या रंगावर, जाड अंगावर, गावाकडच्या उच्चारांवर आजही बेधडक हशे वसूल केले जातात. तो नट स्वतः हसतो म्हणून ते चालतं असं सांगितलं जातं. निक स्ट्यूअर्टही हसत असे.

जीभ परत मिळवता येते, याचे दाखले आपल्याकडे आहेत. मालवणी बोली मुंबईच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षं घरगड्याची बोली होती. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते उभं केलं, आणि सगळं नाटकच मालवणीत झालं. तिथं मालवणी बोलणारा तात्या सरपंच आहे, गोप्या आहे, मास्तर आहे, शहाणा आहे, वेडा आहे. मराठवाड्यासाठी हे काम प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी केलं. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातला हा मास्तर १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्यानं करत राहिला: बावन्न पात्रं, बायका, पुरुष, म्हातारी, पोरं. आपल्या बाजूचं वऱ्हाड विमानात बसतं, लंडनला पोचतं, आणि एकजण दुसऱ्यासारखा नसतो. कुणी भांडखोर, कुणी हळवा, कुणी बढाईखोर. पोट धरून हसताना मराठवाड्याच्या माणसाला कधी आपली लाज वाटली नाही. एका माणसानं एका बोलीला बावन्न चेहरे दिले. मला अख्ख्या मराठी दूरचित्रवाणीकडून एवढंच हवं आहे.

आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. आपल्या भूम-कळंबची, लोहारा-वाशीची पोरं मोबाइलवर विनोदी चित्रफिती करतात आणि त्यांना लाखो लोक बघतात. पहिल्यांदाच आपली खरी बोली, कुणी न शिकवता, पडद्यावर ऐकू येते. मी त्या आवडीनं पाहतो. पण त्यातल्या काही पाहून जीव दुखतो. बायकोला बदडणं, काळ्या मैत्रिणीची थट्टा, पारध्याचा चोर, वडाराचा दारुडा. ज्या चौकटी शहरानं आपल्यासाठी केल्या होत्या, त्याच आपण आपल्याहून खालच्याला बसवतो आहोत. त्या पोरांना दम देऊन काही होणार नाही. त्यांना सोंगाड्या दाखवायला हवा. कोण कुणावर हसतं, ते समोर बसून बघायला मिळायला हवं.

म्हणून संयोजकांकडे माझी एक मागणी आहे, आणि ती मी या मंचावरून जाहीरपणे करतो. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या बार्शी-करमाळ्याकडे तमाशाच्या फडांत आयुष्य काढलेले, आता घरी बसलेले सोंगाडे आहेत. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेचं एक पुष्प त्यांना द्या. भाषणासाठी नाही, बतावणीसाठी. पाहुण्या वक्त्याला जे मानधन आणि जो प्रवासखर्च देता, तोच त्यांना द्या, आणि तेवढ्याच सन्मानानं व्यासपीठावर बसवा. पुढच्या रांगेत जिल्ह्यातले पुढारी, अधिकारी आणि आम्ही वक्ते बसू, आणि सोंगाड्यानं जे बोलायचं ते आमच्याकडे बघून बोलावं. कॅमेरे त्या मोबाइलवाल्या पोरांच्या हाती द्या. माझ्या आजच्या व्याख्यानाचं मानधन मी त्या कार्यक्रमाच्या खर्चासाठी संयोजकांकडे ठेवून जातो आहे.